ऑफिसच्या वेळेत केलेला 'इंडिजिनस कॅनडा' कोर्स: माझा अनुभव, आणि कंपन्यांनी तो कसा द्यावा

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसने आम्हाला एक कोर्स करायला दिला, युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाचा 'इंडिजिनस कॅनडा', म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवाशांबद्दलचा, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, बारा धडे, आणि आम्ही केला तेव्हा नुसता बघायला फुकट होता. मंडळाच्या संक्रांतीला मी त्याबद्दल बोलले तर तीन-चार जणी मागेच लागल्या, की आमच्याकडेही असलं काहीतरी येणारे, करण्यासारखं आहे का, आणि त्यातल्या दोघी तर एचआरमध्येच आहेत म्हणजे स्टाफला काय द्यायचं ते त्यांनीच ठरवायचंय. म्हणून सविस्तर लिहितेय. हा कोर्सचा रिव्ह्यू आहेच, पण त्याहून जास्त तो कंपनीने आमच्याकडून कसा करून घेतला त्याचा रिव्ह्यू आहे, कारण हाच कोर्स कुणी नुसती लिंक पाठवून 'वेळ मिळेल तसा करा' म्हटलं असतं तर मी दुसऱ्या धड्यात सोडून दिला असता, हे मला पक्कं माहितीये.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. माझं माहेर जव्हारचं. कॅनडात, अल्बर्टातल्या एडमंटनला येऊन नऊ वर्षं झाली, मिलवूड्समध्ये राहतो, मी एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स पेएबल बघते, म्हणजे दिवसभर बिलं, व्हेंडर, पेमेंट. इथल्या मूळ लोकांबद्दल येताना शून्य माहिती होती. सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी पुस्तक पाठ केलं तेव्हा फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी असे तीन गट लक्षात राहिले, बस. बाकी रोज डाऊनटाऊनला ट्रेनमधून उतरलं की स्टेशनवर जी दोन-चार बेघर माणसं दिसायची त्यांच्यावरून मी मनात एक चित्र करून ठेवलेलं, आणि आपल्या लोकांच्या घरगुती गप्पांत जे बोललं जातं तेच खरं धरून चालले होते. २०२१ च्या जनगणनेत या देशात १८ लाख इंडिजिनस लोक आहेत, दर शंभरात पाच, आणि शहरांमध्ये विनिपेगच्या खालोखाल सगळ्यात जास्त आमच्या एडमंटनमध्ये. म्हणजे डॉक्टर, शिक्षक, बस ड्रायव्हर, सगळ्यांत ते आहेत, रोज भेटत होते, मला दिसत नव्हते. याची मला आज खरंच लाज वाटते.

याआधी मी जिथे होते तिथेही 'इंडिजिनस अवेअरनेस' म्हणून एक ट्रेनिंग होतं. चाळीस मिनिटांच्या स्लाइड्स, शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले की पास, आणि महिनाअखेरच्या आत केलं नाही की सिस्टिममधून रोज एक लाल ईमेल. महिनाअखेर म्हणजे अकाउंट्सवाल्यांचं मरण, त्यात ते. मी जेवता जेवता नेक्स्ट नेक्स्ट करत संपवलं. आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही. वाईट याचं वाटतं की त्या स्लाइड्समध्ये निवासी शाळांचा पण उल्लेख होता, दीड लाखाच्या वर मुलं आईबापांपासून तोडून नेली हे त्यात लिहिलेलं असणारच, आणि मी ते पोळीचा घास तोंडात असताना पुढे ढकललं.

आताच्या कंपनीने काय वेगळं केलं ते सांगते. पहिली गोष्ट वेळ दिला. दर बुधवारी सकाळी दोन तास, बारा आठवडे, आणि टाइमशीटवर त्यासाठी स्वतंत्र कोड उघडला. ज्यांना टाइमशीट भरावी लागत नाही त्यांना याचं महत्त्व कळणार नाही, पण आमच्याकडे इंजिनिअर लोकांचा तास न् तास कुठल्यातरी प्रोजेक्टवर लागतो, आणि ज्याला कोड नाही ते काम म्हणजे स्वतःच्या झोपेतून करायचं काम. कोड आल्या आल्या सगळ्यांना कळलं की कंपनी हे मनापासून करतेय. दुसरी गोष्ट, आमचे सगळ्यात मोठे साहेब, जे एरवी मीटिंगमध्ये पाच मिनिटं डोकावून जातात, ते बाराही बुधवार आमच्यात बसले, वही घेऊन. तिसरी, सक्ती नव्हती. पहिल्या बुधवारी निम्मेच लोक होते. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत खुर्च्या कमी पडायला लागल्या कारण जेवणाच्या टेबलावर बोलणंच त्याचं चालायचं, आणि न येणाऱ्यांना आपलं काहीतरी राहून जातंय असं वाटायला लागलं. आधी तासभर व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचे आणि मग तासभर बोलायचं. क्विझ ज्याला हवी त्याने द्यावी. मार्क कुणी विचारले नाहीत.

आता कोर्स. २०१७ साली सुरू झालेला, युनिव्हर्सिटीच्या नेटिव्ह स्टडीज फॅकल्टीने बनवलेला. २०२० मध्ये नट डॅन लेव्हीने मी हा कोर्स करतोय, तुम्ही पण माझ्याबरोबर करा असं जाहीर केलं आणि दर आठवड्याला शिकवणाऱ्यांशी ऑनलाइन गप्पा ठेवल्या, तेव्हापासून जगभरातून लोकांची रीघ लागली. शिकवणारे दोघं, ट्रेसी बेअर आणि पॉल गॅरो, स्वतः त्याच समाजांतले आहेत आणि ते बोलण्यातून जाणवतं, बाहेरून बघून सांगितल्यासारखं कुठेच वाटत नाही. व्हिडिओंमधली चित्रं लिआ डोरियन या मेटी चित्रकर्तीची आहेत, ठिपक्याठिपक्यांची, भरगच्च रंगांची, मला सारख्या जव्हारकडच्या वारली चित्रांच्या भिंती आठवत होत्या जरी शैली अगदी वेगळी आहे तरी. इंग्रजी सोपं आहे, सबटायटल्स आहेत. सुरुवातीचा जगाकडे बघण्याच्या दृष्टीचा धडा मला संथ वाटला, गोष्टींमधून ज्ञान कसं पुढे जातं वगैरे. पण मधेच सोडू नका, कारण पुढे ट्रीटीच्या, म्हणजे करारांच्या, धड्यात तोंडी दिलेला शब्द म्हणजे काय हे कळायला तोच उपयोगी पडतो.

दुसरा धडा फरच्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापाराचा, आणि इथे मी खुर्चीत पुढे सरकून बसले. हडसन्स बे कंपनी, जिची 'द बे' नावाची मॉलमधली दुकानं २०२५ मध्ये कायमची बंद झाली, आम्ही सगळ्यांनी तिथे कोट घेतलेले आहेत, ती कंपनी १६७० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या सनदेने निघाली. त्याने हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांचा मुलुख, आजच्या कॅनडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, एका कागदावर तिला देऊन टाकला, तिथे राहणाऱ्या माणसांना न विचारता. आणि हे कोर्समध्ये नाहीये, हे मी घरी येऊन पडताळलं: हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याला आपली मुंबई लग्नात आंदण मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोन्ही मुलुख दोन कंपन्यांना दिले. पुढच्या बुधवारी मी हे सांगितलं तेव्हा खोलीतले पंजाबी, फिलिपिनो, युक्रेनियन सगळे आपापल्याकडचं सांगायला लागले आणि त्या दिवशी दोन तास पुरले नाहीत. पुढे १८७० मध्ये तो सगळा मुलुख कंपनीने कॅनडाला तीन लाख पौंडांना विकला, तेव्हाही तिथल्या लोकांना विचारलं नाही. एडमंटन हे गावच मुळात त्या कंपनीचा किल्ला.

तिसरा धडा ट्रीटींचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा, निदान नोकरी करणाऱ्या माणसांना. आम्ही राहतो ती जमीन ट्रीटी सहाची, १८७६ ची. दर मीटिंगच्या आधी कुणीतरी ते वाक्य वाचतं की आम्ही ट्रीटी सहाच्या भूमीवर जमलो आहोत, मी नऊ वर्षं ते वाक्य ऐकतेय आणि मला वाटायचं ही इथली पद्धत असेल, जसं आपल्याकडे दीपप्रज्वलन. ट्रीटी म्हणजे करार, आणि करार दोन बाजूंचा असतो म्हणजे आपणही त्यात एक बाजू आहोत, हे कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. इंग्रजी कागदात लिहिलंय की जमीन सोडून दिली, हक्क सोडले. आणि एल्डर लोकांच्या, म्हणजे त्या समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांच्या, तोंडून पिढ्यान् पिढ्या जे चालत आलंय ते असं की आम्ही जमीन वाटून वापरायला कबूल झालो, नांगर जेवढा खोल जातो तेवढीच. सूर्य तळपतोय, गवत उगवतंय, नद्या वाहतायत तोवर. त्या वेळी रानम्हशी संपत आलेल्या, माणसं उपाशी, देवीच्या साथीने गावंच्या गावं गेलेली, अशा वेळी ते बोलणीला बसले आणि तरी त्यांनी औषधाची पेटी मागून घेतली, म्हणजे रोगराईत सरकारने उपचार द्यायचे, आणि ते कागदावर आणलं. बाकीच्या ट्रीटींच्या मजकुरात ती पेटी नाहीये. आणि माणशी वर्षाला पाच डॉलर. ते पाच डॉलर आजही मिळतात. आजही पाचच. मी पेमेंट करणारी बाई आहे, दरवर्षी आमच्या व्हेंडरांचे रेट वाढून येतात, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यातून जातच नाही.

इंडियन अ‍ॅक्टचा धडा पण नीट बघा, तोही १८७६ चाच. त्या कायद्याने कोण 'इंडियन' आणि कोण नाही हे सरकार ठरवायला लागलं. बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिचा दर्जा गेला, पुरुषाने केलं तर त्याच्या बायकोला मिळाला, आणि हे १९८५ पर्यंत चाललं. जमिनीच्या दाव्यासाठी वकील करायला पैसे गोळा करायचे नाहीत, १९२७ ते १९५१. देशाच्या निवडणुकीत आपला दर्जा न सोडता मत द्यायला १९६० उजाडलं. प्रेअरी भागात, म्हणजे आमच्या इकडच्या गवताळ मैदानी प्रांतांत, १८८५ पासून रिझर्व्हच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या, बाहेर जायला सरकारी एजंटकडून पास घ्यावा लागायचा, आणि त्याला कुठल्या कायद्याचा आधारही नव्हता. पास म्हटल्यावर मला एकदम पारधी आठवले. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच साम्राज्याचा, त्यातही नाव नोंदवायचं, पोलिसपाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास, आणि तो जायला १९५२ साल लागलं. इथे एक सांगते, 'इंडियन' हा शब्द त्या व्हिडिओंमध्ये कायदा आणि जुनी कागदपत्रं सांगताना सारखा येतो, आणि आपण भारतीय त्याने गोंधळतो. तुम्ही बोलताना फर्स्ट नेशन्स म्हणा किंवा त्या समाजाचं नाव घ्या, क्री, डेने, ब्लॅकफूट.

पाचवा धडा निवासी शाळांचा. याबद्दल फार लिहिणार नाही, तो बघायचा असतो. १९ व्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत, सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या हाताने. केस कापले, नावाऐवजी नंबर, आपली भाषा बोलली की मार. हजारो मुलं परत गेलीच नाहीत. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांची होती, १९७३ साल, शाळेसाठी आजीने तिला नवा नारिंगी शर्ट घेऊन दिलेला आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, पुन्हा कधी दिला नाही. ३० सप्टेंबरला सगळे नारिंगी घालतात ते त्या शर्टासाठी. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, पहिल्या दिवसासाठी फ्रॉक तिनेच निवडलेला. मी त्या व्हिडिओत मधेच बाहेर गेले. आमच्या एचआरने त्या दिवशी एक काउन्सेलर शेजारच्या खोलीत बसवून ठेवली होती आणि आधीच्या आठवड्यात सांगितलं होतं की ज्याला हा धडा एकट्याने घरी बघायचाय किंवा बघायचाच नाहीये त्याने तसं करावं, कारण विचारणार नाही. हे फार बरोबर केलं. खोलीत कुणाच्या घरात काय झालंय ते आपल्याला ठाऊक नसतं. एडमंटनजवळच सेंट आल्बर्टच्या बाजूला १९२४ ते १९६८ अशी एक शाळा होती, म्हणजे त्यातली मुलं आज आजी-आजोबांच्या वयाची आहेत आणि इथेच राहतात.

शेवटच्या काही धड्यांबद्दल थोडक्यात: शहरातलं आयुष्य, चळवळी, बायकांवरचा धडा चांगले, कलेचा शेवटचा धडा सुंदर पण घाईत उरकल्यासारखा. आणि एक मोठी उणीव म्हणजे कोर्स अख्ख्या कॅनडाचा असल्यामुळे तुमच्या पायाखालच्या जागेचं तुम्हालाच शोधावं लागतं.

ते आम्हाला कसं कळलं ते सांगते. कोर्स संपल्यावर कंपनीने ब्लँकेट एक्सरसाइज ठेवली. कैरोस नावाची चर्चवाल्यांची संस्था आहे, तिच्या आधीच्या गटाने १९९७ मध्ये इंडिजिनस लोकांबरोबर बसून ती बनवलेली. कॅफेटेरियातल्या खुर्च्या हलवून जमिनीवर ब्लँकेट्स पसरतात, ती म्हणजे जमीन, आपण सगळे त्यावर अनवाणी उभे राहतो, तिथले मूळ लोक म्हणून. मग एकजण इतिहास वाचत जातो आणि एकेका घटनेबरोबर ब्लँकेट दुमडत जातात, माणसं बाहेर काढली जातात, ज्यांच्या हातात अमुक कार्ड ते साथीत गेले, तमुक कार्ड ते शाळेत नेले. मी माझ्या मैत्रिणीबरोबर उभी होते, तिला नेऊन एका कोपऱ्यात पाठ करून उभं केलं. शेवटी माझ्या पायाखाली टॉवेलएवढी घडी उरली. व्हिडिओत बघितलेलं सगळं त्या घडीवर उभं राहून समजलं. मग गोल करून बसलो आणि ज्या एल्डर आल्या होत्या त्या बोलल्या, सगळे त्यांना कोकुम म्हणत होते, क्री भाषेत आजी. त्यांनी विचारलं कोण कुठे राहतं. मी मिलवूड्स म्हटलं तर म्हणाल्या, म्हणजे तू पापासचेसच्या रिझर्व्हवर राहतेस.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचलं. पापासचेस हे क्री लोकांच्या एका बँडच्या, म्हणजे गटाच्या, प्रमुखाचं नाव, १८७७ मध्ये ते एडमंटनला ट्रीटी सहात सामील झाले, आज जिथे दक्षिण एडमंटनची आमची सगळी वस्ती, गुरुद्वारा, इंडियन ग्रोसरी, देसी मिठाईची दुकानं आहेत तिथे त्यांचं रिझर्व्ह होतं. उपासमारीच्या वर्षांत लोक पांगले, आणि १८८८ मध्ये फक्त तीन पुरुषांच्या सह्यांवर ते रिझर्व्ह सोडून दिल्याचा कागद झाला. वंशज कोर्टात गेले, २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा मुदतबाह्य ठरवून फेटाळला. मधल्या काळात त्यांना वकिलासाठी पैसे गोळा करायचीही बंदी होती, हे वर आलंच आहे. आणि आमच्या वस्त्यांची नावं बघा, साकॉ, मेनिसा, एकोटा, तावा. नऊ वर्षं मी ही नावं बसवर वाचतेय आणि मला वाटायचं कुणा बिल्डरने ठेवली असतील. साकॉ म्हणजे रान. आणि तावा, मला वाटायचं आपला पोळीचा तवा, मुलं तसंच म्हणायची, तो क्री शब्द आहे, या, आत या, जागा आहे, असा अर्थ. कोकुमनी तो शब्द उच्चारून दाखवला तेव्हा मला बोलता आलं नाही.

आता कंपन्यांसाठी, विशेषतः त्या दोघींसाठी. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये ९४ आवाहनं केली, त्यातलं ९२ वं थेट उद्योगांना आहे. त्यात स्टाफला आणि मॅनेजमेंटला इतिहास शिकवा हे आहे, पण त्याच्या आधी लिहिलंय की प्रकल्प करताना त्या समाजांची संमती घ्या आणि त्यांना नोकऱ्या-ट्रेनिंगची खरी संधी द्या. म्हणजे नुसता कोर्स देऊन सुटका नाही. आमच्याकडे हा मुद्दा एका ज्युनियर मुलीने पाचव्या की सहाव्या बुधवारी मोठ्या साहेबांसमोर काढला, की आपण वर्षाला एवढं कंत्राट देतो त्यात इंडिजिनस मालकीच्या कंपन्या किती. उत्तर कुणाकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती यादी काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि यादी फार छोटी निघाली. आता नवीन कोटेशन मागवताना ते तपासायचं असं लिखित ठरलंय. हा मला त्या बारा आठवड्यांचा सगळ्यात खरा परिणाम वाटतो.

पैशांचं अजून एक. एल्डरना मानधन द्यायचं असतं, फुकट बोलावायचं नाही, आणि आमच्या भागात त्यांना काही सांगायची विनंती करताना तंबाखू देतात, ती रीत आहे, ज्या समाजाच्या एल्डर असतील त्यांच्याकडे आधी विचारून घ्या. पण आमच्या सिस्टिमने काय केलं, तर व्हेंडर फॉर्म, बँकेचा कागद आणि पेमेंट नेट थर्टी. ऐंशीच्या घरातल्या बाईंना मी ईमेल करून व्हॉइड (रद्द केलेला) चेक मागायचा आणि तीस दिवसांनी पैसे द्यायचे! मी कंट्रोलरकडे, म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या प्रमुखांकडे, जाऊन सांगितलं हे असं चालणार नाही. भांडावं लागलं नाही, त्यांनी पण कोर्स केलेला होता. आता मानधन त्याच दिवशी पाकिटातून हातात देतो, सही माझी. तुमच्याकडे आधी अकाउंट्सवाल्यांना विश्वासात घ्या, ही गोष्ट कुठल्या गाईडमध्ये लिहिलेली नसते.

आणि ऑफिसात जो एखादा इंडिजिनस सहकारी असेल त्याला शिक्षक बनवू नका. आमच्या सर्व्हे टीममध्ये एकजण क्री आहे. पहिले दोन आठवडे प्रत्येकजण त्याच्या टेबलाशी, हे खरं का, तुमच्यात ते कसं असतं. शेवटी त्याने शांतपणे सांगितलं, मी सर्व्हेअर आहे, मला सर्व्हेचं विचारा. मी पण विचारायला गेलेल्यांत होते. जव्हारची म्हटल्यावर वारली चित्रं काढता येतात का असं मला पुण्यात कॉलेजला चार वर्षं विचारलं गेलंय, मी वारली नाही हे सांगून दमले होते, तरी मी तेच केलं.

फुकट करण्यासारखंही बरंच आहे, क्वीन एलिझाबेथ पार्कमधलं नदीकाठचं इंडिजिनस आर्ट पार्क दुपारच्या सुट्टीत टीमने चालत बघून येण्यासारखं, आणि फोर्ट एडमंटन पार्कमधलं २०२१ ला उघडलेलं इंडिजिनस लोकांवरचं प्रदर्शन तिकीट काढून पण मुलांना घेऊन जाच. अल्बर्टात ३० सप्टेंबरची सुट्टी बहुतेक खाजगी कंपन्यांवर बंधनकारक नाही, आमची कंपनी देते, त्या दिवशीचे शर्ट इंडिजिनस कलाकारांकडूनच घ्या, कुठूनही नारिंगी टीशर्ट छापून आणू नका. आमची पुण्याची टीम व्हिडिओ कॉलवर दोन धड्यांना होती आणि त्यांनीच विचारलं की आमच्याकडे काय, तर ते क्वीन्स गार्डनचं आदिवासी संग्रहालय बघून आले, ऑफिसपासून अर्ध्या तासावर, एकानेही आधी पाहिलेलं नव्हतं.

रेटिंग द्यायचं तर कोर्सला पाचपैकी साडेचार, ब्लँकेट एक्सरसाइजला पाच. आम्ही साइन-अप केलं तेव्हा सर्टिफिकेटचे पैसे आधी दाखवले, मोफत बघायचा पर्याय खाली बारीक अक्षरात होता, अजून असेल तर तो शोधा. कंपनी पैसे देत असेल तर सर्टिफिकेटपेक्षा ते मानधनाला वापरा.

पाचव्या धड्यानंतर मी बाबांना फोन केला होता. बाबा जव्हार तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक होते, एकतीस वर्षं. मी भीत भीतच विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे तसं नव्हतं, पोरं दिवाळीला घरी जायची, आईबाप भेटायला यायचे, आणि ते खरंच आहे, दोन्ही एका मापाने मोजायचं नाही. मग जरा थांबून म्हणाले, पोरं वर्गात गप्प असायची आणि मधल्या सुट्टीत अखंड बोलायची, आपली वारली, कोकणा. मी पहिली कितीतरी वर्षं समजत होतो की ती अभ्यासात कच्ची आहेत. पुस्तकातली मराठी त्यांची नव्हतीच गं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही नंतर शिकलात ना त्यांचे शब्द. म्हणाले, शिकलो, पण उशिरा.

आता दर रविवारी मी त्यांना एक धडा मराठीत सांगते, तासभर. परवा तिसरा झाला. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, त्या पाच डॉलरमध्ये तेव्हा काय काय येत होतं ते बघून ठेव, पुढच्या रविवारी सांग.